होल्डवर काय वाजवू? सासरे म्हणतात भूपाळी, दीर म्हणतो गिटार

वाचकाचं पत्र:

"ताई, आमची मिरजेत छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. नवरा डॉक्टर, बाकी सगळा कारभार माझ्याकडे. लँडलाइनला ईपीएबीएक्स (आतले फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज) आहे आणि होल्डवर ती टिंगटिंग बीपवाली ट्यून वाजते, लोक वैतागून फोन ठेवतात. रिसेप्शनवरची मुलगी तर आता होल्डचं बटणच दाबत नाही, रिसीव्हर टेबलावर ठेवते आणि आत विचारायला जाते. मी म्हटलं म्युझिक बदलूया, तर घरात महाभारत सुरू. सासरे म्हणतात सकाळी भूपाळी लावा, संध्याकाळी आरती. दीर म्हणतो मोठ्या कंपन्यांसारखं गिटार-पियानो काहीतरी कॉर्पोरेट लाव. नवरा म्हणतो जुनी हिंदी गाणी लाव, सगळ्यांना आवडतात. एक ओळखीचे म्हणाले सरळ एफएम जोडून टाका. फार खर्च करायचा नाहीये. काय लावू?
– वैतागलेली सून, मिरज"

सूनबाई, म्युझिकचं नंतर बघू, आधी तो टेबलावरचा रिसीव्हर. तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात पण मी तिथेच अडकले. रिसीव्हर नुसता बाजूला ठेवला की माइक चालूच राहतो ना, मग पलीकडे थांबलेल्या माणसाला तुमच्या काउंटरवरचं सगळं ऐकू जातं, कोणाची शुगर किती आली, कोणाची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, कोणाला परत सॅम्पल द्यायला बोलावलंय. आणि मिरजेसारख्या गावात नुसतं आडनाव कानावर पडलं तरी माणूस नात्यातला निघतो. एचआयव्हीच्या रिपोर्टबाबत तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे, पेशंटच्या संमतीशिवाय ती माहिती बाहेर जाता कामा नये म्हणून. तेव्हा त्या मुलीला आजच सांगा, म्युझिक कितीही भिकार असू दे, आत जायचं तर होल्ड दाबूनच जायचं. ओरडू नका तिला, ती बिचारी पेशंटला त्या टिंगटिंगपासून वाचवत होती.

आता दुसरं, काहीच न वाजवता नुसतं शांत ठेवलं तर? तेही चालत नाही, फोनवर शांतता झाली की आपल्याला वाटतं कट झाला, दोनदा हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो. या होल्ड म्युझिकचा जन्मच मुळी यातून झालाय. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही म्हणून एक कारखानदार होता, त्याच्या कारखान्यातली फोनची एक सुटी वायर इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली होती आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचा कार्यक्रम आपोआप फोनमध्ये ऐकू यायला लागला. दुसरा कोणी असता तर वायर नीट करून मोकळा झाला असता, याने १९६२ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६६ मध्ये पेटंट मिळवलं. कल्पना एवढीच की थांबलेल्या माणसाला लाइन चालू आहे हे कळत राहावं. तुमच्या घरातल्या भांडणात हे कोणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही. सासऱ्यांना प्रसन्न वाटायला हवंय, दिरांना लॅब मोठी वाटायला हवीय, नवऱ्याला लोकांची करमणूक व्हायला हवीय. फोन करणाऱ्याला काय हवंय? त्याला रिपोर्ट हवाय हो. तो घाबरलेला असतो, नाहीतर उपाशी असतो, नाहीतर दोन्ही. त्याच्या कानात एवढंच पोचलं पाहिजे की फोन चालू आहे, कोणीतरी येतंय, आणि त्यापलीकडे त्या म्युझिकने त्याला छळू नये.

बरं, छळ का होतो तेही सांगते, कारण त्यावरच काय निवडायचं ते ठरतं. साध्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, बोलणं कळायला तेवढं पुरतं म्हणून. त्याच्या खालचा खर्ज जवळजवळ कापला जातो आणि वरची चमकही. मोबाइलमध्ये आणखी एक गंमत आहे, तिथे आवाज दाबून लहान करून पाठवतात आणि ते दाबायचं गणित माणसाच्या बोलण्यावर बेतलेलं असतं. एक माणूस बोलतोय असं धरून चाललेल्या त्या गणितापुढे तुम्ही वीस व्हायोलिनं, ढोलक, कोरस आणि वर गायिका असं सगळं एकदम टाकलंत की त्याला काहीच कळत नाही आणि पाण्याखालून वाजल्यासारखं गुळगुळ ऐकू येतं. व्हीओएलटीईवर, म्हणजे फोरजीवरून जाणाऱ्या कॉलमध्ये, आवाज बराच चांगला येतो, तिथे ७००० हर्ट्झपर्यंत जातं, पण मधे तुमची लँडलाइन आणि ईपीएबीएक्स आलं की परत तेच अरुंद नळकांडं. म्हणून घरच्या स्पीकरवर ऐकून वा वा केलेली गोष्ट फोनवर भंगार वाटते. नवऱ्याची जुनी हिंदी गाणी इथेच बाद होतात, त्या गाण्यांची जान त्या ऑर्केस्ट्रात आहे आणि ऑर्केस्ट्रा फोनवरून जातच नाही. शिवाय शब्द. विरहाचं गाणं लागलं आणि पलीकडे बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघणारी बाई असली तर? आनंदाचं लागलं तरी तिला राग येणार. शब्दवालं काही नकोच, मराठी नको, हिंदी नको, काहीच नको.

आणि गाण्यांना परवाना लागतो हे नवऱ्याला सांगा. धंद्याच्या फोनवर गाणं वाजवणं हे घरी ऐकण्यात मोडत नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगवाल्यांसाठी पीपीएल वगैरे संस्था लायसन्स देतात आणि गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस. यूट्यूबचं प्रीमियम घेतलंय, अमुक ॲपचे महिन्याचे पैसे भरतोय, हे इथे चालत नाही, ते तुमच्या स्वतःच्या कानांपुरतं असतं. कॉलर ट्यूनचंही तेच. तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात बहुतेक कॉलर ट्यूनच असणार, पण ती फोन उचलेपर्यंत वाजते आणि ती कंपनीने विकलेली असते, होल्डवरचं तुम्ही स्वतः वाजवता. दोन्हींची गल्लत फार जण करतात.

एफएम जोडायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. तुमच्या ईपीएबीएक्सला मागे बहुतेक एक लहान जॅक असेल बाहेरून म्युझिक द्यायला, रेडिओ जोडता येतो हे खरंय, पण मग लायसन्सचा प्रश्न आहेच आणि वर जाहिराती. तुमचा पेशंट तुमच्याच फोनवर थांबलाय आणि त्याला समोरच्या चौकातल्या लॅबच्या फुल बॉडी चेकअपची ऑफर ऐकू येतेय, बघा कसं वाटतं ते.

सासऱ्यांची भूपाळी आणि आरती. मला त्यांचा मुद्दा कळतो, सकाळी सातला लॅब उघडते, प्रसन्न वाटावं. पण आरती मध्येच तोडावी लागते हो, रिसेप्शनची मुलगी फोनवर आली की आरती कट, परत होल्ड केलं की परत पहिल्यापासून, ज्यांना त्या आरतीचं प्रेम आहे त्यांनाच ते जास्त खटकेल. आणि मिरजेत पेशंट सगळ्या धर्मांचे येतात, लॅबला हे सांभाळावं लागतं. सासरे म्हणतील संतांची रचना आहे, तिला कसला कॉपीराइट. शब्दांपुरतं बरोबर आहे त्यांचं, तुकोबांचा अभंग कोणाच्या मालकीचा नाही. पण त्याला पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी चाल लावली असेल तर ती चाल त्या संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं त्याची, आणि रेकॉर्डिंग बाहेर आल्यापासून ६० वर्षं ज्याचं त्याचं.

(आता मिरजच म्हटल्यावर कोणीतरी हमखास सुचवणार की थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावा. खाँसाहेब गेले १९३७ मध्ये, त्यांच्या रेकॉर्डिंगचे हक्क आपल्याकडे कधीच संपलेत, म्हणजे कायद्याने अडचण नाही. तरी माझं मत विचाराल तर नको. ज्या गावात दरवर्षी दर्ग्यात त्यांच्या आठवणीत लोक रात्ररात्र गाणं ऐकत बसतात तिथे त्यांची तान अर्धवट तोडून "हां बोला, नाव काय पेशंटचं" असं करायचं? मला नाही जमणार.)

राहिले दीर. त्यांचं म्हणणं मी इतक्या सहज झटकणार नाही, एक साधं वाद्य, शब्द नाहीत, इथपर्यंत ते बरोबर आहेत. फक्त तो कॉर्पोरेट तुकडा इंटरनेटवरून उतरवायचा असेल तर खालचं लायसन्स वाचायला सांगा त्यांना. 'रॉयल्टी फ्री' लिहिलंय म्हणजे फुकट आणि कशालाही, असं नसतं. काही ठिकाणी धंद्यासाठी वापरायचं नाही अशी अट असते, काही ठिकाणी निर्मात्याचं नाव द्यायची अट असते, आता होल्डवर नाव कुठे देणार तुम्ही? आणि कॉर्पोरेटचं एवढं कौतुक आहे तर त्यांना ही गोष्ट सांगा. सिस्को कंपनीच्या ऑफिस फोनमध्ये होल्डवर एक सिंथेसायझरची धून आपोआप येते, जगभरच्या कंपन्यांत, हॉस्पिटलांत लोकांनी ती तासन् तास ऐकलीय. ती कुठल्या मोठ्या स्टुडिओत बनलेली नाहीये. १९८९ मध्ये टिम कार्लटन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या डॅरिक डील या मित्राने गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेली आहे, पुढे हा डील सिस्कोत नोकरीला लागला आणि ती धून फोनमध्ये गेली.

तर मग तुम्ही का नाही? मिरजेत राहून होल्ड म्युझिकसाठी इंटरनेटवर गिटार शोधणं मला जरा मजेशीरच वाटलं. सतार-तंबोऱ्यांचं गाव तुमचं, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनसुद्धा मिळालं. वाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन विचारलंत तर वाजवणारं कोणीतरी नक्की मिळेल, एखादा शिकणारा मुलगा किंवा मुलगी, तीनचार मिनिटांचं काम आहे, योग्य मानधन द्या. फुकटात मागू नका, "तुमची पब्लिसिटी होईल" हे तर मुळीच बोलू नका.

वाजवायला काय सांगायचं? एकटी सतार किंवा एकटी बासरी. तबला नको, डग्ग्याची घुमक फोनवर पोचत नाही आणि नुसती टकटक उरते. तंबोरा मागे ठेवलात तर अगदी हळू, त्याचा खर्ज तसाही जाणार नाही आणि सलग एकसुरी आवाज नेटवर्कला कधीकधी गोंगाट वाटतो, तो मध्येच दबतो, मध्येच वर येतो, त्यापेक्षा नसलेला बरा. मधलं सप्तक, मध्य लय, आवाजाची पातळी एकसारखी. खूप हळू आलाप नको कारण दोन स्वरांच्या मधे जास्त वेळ गेला की माणूस परत हॅलो हॅलो करतो. सतारीवर शेवटी जलद वाजवतात तो 'झाला' तर नकोच, आधीच छातीत धडधड असते. राग म्हणाल तर मिरजेत जपून, सकाळी सव्वासातला यमन लावलात तर एखादे आजोबा रिपोर्ट राहू दे बाजूला आणि वेळेवरून तुम्हाला सुनावतील. म्हणून वेळेचं फार बंधन नसलेली पहाडीसारखी एखादी हलकी धून बरी. तोडी नको, मारवा नको. भैरवी तर अजिबात नको, मैफल संपताना गातात ती, लॅबच्या फोनवर भैरवी ऐकून माणसाने काय समजायचं? सारंगी मला स्वतःला प्राणप्रिय आहे, पण कोणी मोठं माणूस गेलं की रेडिओवर दिवसभर सारंगी वाजायची हे ज्यांना आठवतंय तेच लोक तुमच्याकडे शुगर तपासायला येतात. तेव्हा सतार. धून पारंपरिक असावी नाहीतर वाजवणाऱ्याची स्वतःची, सिनेमातली ओळखीची चाल सतारीवर वाजवली तरी चालीचा हक्क शिल्लक राहतोच.

आणि कागद करा. अर्ध्या पानाचा पुरे. कोणी वाजवलं, किती मिनिटं, लॅबच्या फोनवर वापरायला परवानगी, किती पैसे दिले, किती वर्षांसाठी, खाली दोघांच्या सह्या. वर्षं लिहायला विसरू नका, आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसली की ती पाच वर्षंच धरतात. पाच वर्षांनी त्या मुलाला शोधत फिरायचं का?

तांत्रिक भाग दिरांकडे द्या, त्यांना काम पाहिजेच आहे. ईपीएबीएक्सवाल्याला विचारायचं की आवाज फाइल टाकून बदलतो की मागच्या जॅकमधून द्यायचा. फाइल असेल तर बहुतेक ठिकाणी मोनो, ८ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह फाइल मागतात, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात दहा मिनिटांचं काम. स्टिरिओची हौस नको, बेस वाढवायचा नाही, उलट खालचा कापून टाकायचा, आणि आवाज माणसाच्या बोलण्यापेक्षा किंचित खाली ठेवायचा. तुम्ही लिहिलंय लोक वैतागतात, त्यात निम्मा वाटा आवाजाचा असेल, बोलणं ऐकायला कानाला घट्ट लावलेल्या फोनमध्ये एकदम टिंगटिंग फुटतं. आणखी एक विचारा, दरवेळी होल्ड केल्यावर म्युझिक पहिल्यापासून सुरू होतं का रेडिओसारखं मागे चालूच असतं. पहिल्यापासून होत असेल तर लोकांना कायम पहिलीच वीस सेकंदं ऐकू येणार, त्यामुळे ती सगळ्यात साधी आणि न टोचणारी ठेवा. घाईच्या वेळी रिसेप्शनची मुलगी मोबाइलवर फोन घेत असेल तर तिथे हे काही लागू नाही, साध्या मोबाइलवर होल्ड केलं की जे काय ऐकू येतं ते नेटवर्कवाल्यांचं, तुमच्या हातात नसतं.

सगळं झालं की स्टँडवर जाऊन, गाड्यांच्या आवाजात, साध्या स्वस्त मोबाइलवरून लॅबला फोन करा आणि तीन मिनिटं होल्डवर थांबा. सासरे, दीर, नवरा, तिघांनाही करायला लावा. एसी केबिनमध्ये बसून मत देणं सोपं असतं.

आता मधेमधे बोलणं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे कृपा करून नको. म्युझिक थांबून माणसाचा आवाज आला की ऐकणाऱ्याला वाटतं आलं कोणीतरी, तो सरसावून बसतो, आणि मग कळतं की मशीनच आहे. असं तीनदा झालं की चौथ्या वेळी खरं माणूस आलं तरी तो खेकसणारच. इस्राएलमधल्या दोन संशोधक बायकांनी, मुनिकोर आणि राफाएली यांनी २००७ मध्ये हेच तपासलं होतं, नुसतं म्युझिक, वरचेवर माफी मागणं आणि रांगेतला नंबर सांगणं यात लोकांना नंबर कळलेला सगळ्यात बरा वाटला. तुमच्या मशीनला नंबर सांगता यायचा नाही, त्यासाठी क्लाउड टेलिफोनी, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोन सेवा, घ्यावी लागेल आणि एका रिसेप्शनच्या लॅबला तो खर्च मला तरी पटत नाही. पण तुमची रिसेप्शनवरची मुलगी सांगू शकते ना, "आत विचारून येते, दोन मिनिटं लागतील." दोन म्हणून पाच लावायची नाहीत. पाचच लागणार असतील तर नंबर घ्यायचा आणि आपणच उलटा फोन करायचा, म्युझिकपेक्षा हा उपाय शंभर पटीने चांगला आणि फुकट. निम्मे फोन "रिपोर्ट झाला का" एवढंच विचारायला येत असणार, रिपोर्ट तयार झाला की व्हॉट्सॲपवर टाकायची पद्धत लावलीत तर होल्डवर थांबणारेच कमी होतील. पेशंटचा नंबर दोनदा तपासून टाका म्हणजे झालं.

मेसेज ठेवायचाच तर एकच, सुरुवातीची तीसचाळीस सेकंदं सतार झाल्यावर, आणि कामाचा. फास्टिंग शुगरसाठी किमान आठ तास काही खायचं नाही, चहासुद्धा नाही, साधं पाणी चालेल. लॅब किती ते किती. घरी येऊन सॅम्पल नेता का. बस. हेच परत कन्नडमधून, कारण अथणी, रायबाग, चिकोडीकडचे किती पेशंट मिरजेला येतात हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना मराठी कळलं तरी उपाशी यायचं की जेवून यायचं हे आपल्या भाषेत ऐकलं की गोंधळ होत नाही. स्टाफमध्ये कन्नड बोलणारं कोणीतरी असेलच.

मराठी मेसेज मात्र सासऱ्यांच्या आवाजात करा. भूपाळी नाही म्हटल्यावर त्यांना काहीतरी द्यावं लागेल, आणि सत्तरीतल्या माणसाने सावकाश सांगितलेलं "चहासुद्धा घ्यायचा नाही बरं का" लोक ऐकतात, रेकॉर्ड केलेल्या गोड मुलीचं ऐकत नाहीत. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, आणि त्यांच्या हातात मजकूर मोठ्या अक्षरात लिहून द्या नाहीतर ते मधे स्वतःचं काहीतरी घालतील.